दुसऱ्यांची कुत्री-मांजरं सांभाळायचे किती पैसे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओळखीच्या लोकांचे प्राणी तुम्ही आजवर हौसेने, पैसे न घेता सांभाळत आलात. आता ओळखीबाहेरचे लोकही विचारू लागलेत. त्यातल्या एका कुटुंबाला दहा दिवस बाहेरगावी जायचंय. घरी एक कुत्रा आणि दोन मांजरं आहेत. एका मांजराला मधुमेह आहे, त्याला दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं. तुम्ही त्यांच्याच घरी येऊन राहावं अशी त्यांची इच्छा आहे. पैशांचा विषय निघाल्यावर ते म्हणाले, "राहायला घर मिळतंय, तसं काम काहीच नाही, तुम्हीच सांगा काय ते." तुम्हाला आकडाच सुचेना, आणि मागायचीही लाज वाटते.

लाजेचं आधी बोलू, कारण ती राहिली तर पुढचा हिशेब कागदावरच राहील. हे काम मी बरीच वर्षं पोटासाठी करते आहे आणि नवीन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला इथेच अडखळताना पाहिलंय. प्राण्यांवर जीव आहे म्हणून हे काम करतो, मग पैसे कसे मागायचे, असं वाटतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी खरं आहे. पेट सिटिंग, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांचे प्राणी सांभाळणं, हा काही काल उगवलेला जोडधंदा नाही. पेट सिटर्स इंटरनॅशनल ही या कामातल्या लोकांची संस्था 1994 मध्ये सुरू झाली आणि त्याच्याही आधीपासून लोक हे काम पूर्णवेळ करत आलेत. तुमचा जीव असतो म्हणूनच तुम्ही काम चांगलं करता. पण मालक पैसे देतो ते त्या ओढीचे नव्हेत. तुमचा जो वेळ त्याच्या घराशी बांधला जातो आणि त्या वेळात जी जबाबदारी तुमच्या अंगावर येते, तिचे ते पैसे. दर ठरवताना माझ्या डोळ्यासमोर एवढंच असतं: या पैशांत मला हे काम घाई न करता करता येईल का?

आता हिशेब. प्रत्येक ठिकाणचं चलन आणि राहणीमान वेगळं, म्हणून तुमच्या एका तासाचं मोल 100 धरू. हा नुसता धरलेला आकडा आहे. तुमचा खरा आकडा तुम्ही घालायचा. तो काढताना स्वतःला विचारा, की इतक्याच विश्वासाच्या आणि जबाबदारीच्या दुसऱ्या कामात तुम्हाला तासाला काय मिळालं असतं? त्यात फोन, प्रवास, विमा, कर आणि हातात काम नसलेले दिवस मिळवा. दिवसाचे आठ तास तुम्ही या कामासाठी मोकळे ठेवलेत, तरी त्यातले आठच्या आठ विकले जात नाहीत. लोकांना कामावर जायच्या आधी, दुपारी आणि संध्याकाळीच माणूस हवा असतो. मधले तास रिकामे जातात आणि त्यात दुसरं काही धरताही येत नाही. विकल्या गेलेल्या तासांनी न विकल्या गेलेल्यांचंही ओझं उचलायचं असतं.

सगळ्यात साधं काम घ्या. मालक दिवसभर बाहेर आहे, दुपारी जाऊन कुत्र्याला अर्धा तास फिरवून आणायचं आहे. बहुतेक जण म्हणतात, अर्धा तास म्हणजे 50. आता घड्याळ लावून बघा. जायला 20 मिनिटं, यायला 20. कुलूप उघडणं, पट्टा चढवणं, परत आल्यावर पंजे पुसणं, पाणी बदलणं, काही सांडलं-लवंडलं असेल तर आवरणं, यात 10 मिनिटं. मालकाला फोटो आणि दोन ओळींचा निरोप, 5 मिनिटं. फिरवण्याची 30. एकूण 85 मिनिटं झाली. तासाला 100 च्या हिशेबाने या भेटीचे साधारण 142 होतात. तुम्ही 50 सांगितलेत तर तुमचा तास 35 ला गेला, आणि त्यातून प्रवासखर्च जायचाच आहे. पदरमोड करून दुसऱ्याच्या घरी कामाला जाणं किती दिवस झेपेल?

यात मालकावरही अन्याय होऊ नये. दोन घरं एकमेकांच्या जवळ असतील आणि भेटी लागोपाठ बसत असतील, तर प्रवासाचा वेळ दोघांत वाटला जातो. तो फायदा दरात दिसला पाहिजे. म्हणून मी नेहमीच्या टापूसाठी एक दर ठेवते आणि त्याच्या बाहेर जायचं असेल तर जास्तीच्या प्रवासाचे पैसे वेगळे लावते. कोणी ॲपवरून काम घेत असेल तर आणखी एक गोष्ट. ॲप 20 टक्के कापत असेल आणि हातात 100 हवे असतील, तर 120 लावून भागत नाही. 125 लावावे लागतात, कारण कपात पूर्ण रकमेवर होते. मी पाहिलंय, बरेच जण इथे महिनोन्महिने तोट्यात राहतात आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

कमी दराने फक्त सिटरचं नुकसान होतं असं लोकांना वाटतं. ते मला पटत नाही. दर पडला की दिवसात जास्त घरं घ्यावी लागतात. जास्त घरं घेतली की प्रत्येक घरातलं काम उरकलं जातं. उरकण्यात काय निसटतं ते सांगते.

मांजराच्या घरी गेल्यावर मी आधी लिटर बॉक्सपाशी, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या डब्यापाशी बसते. लघवीने वाळूचे झालेले गोळे किती आणि केवढे, ते बघते. रोज तीन-चार चांगले मोठे गोळे असणाऱ्या बोक्याच्या बॉक्समध्ये आज नखाएवढे दोनच असतील तर मी तिथून उठत नाही. तो बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जातोय का, बसून कुंथतोय का, मागची बाजू सारखी चाटतोय का, हे बघायला दहा-पंधरा मिनिटं एका जागी शांत बसावं लागतं. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण येतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ताट भरून, बॉक्स झटकून, फोटो पाठवून पाच मिनिटांत बाहेर पडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्या बिचाऱ्याचीही चूक म्हणवत नाही, कारण त्याला जे पैसे मिळतात त्यात पाच मिनिटंच बसतात.

म्हणूनच "मांजर आहे, एक दिवसाआड या, तेवढेच पैसे वाचतील" हे मी मान्य करत नाही. स्वयंचलित फीडर असला तरीही नाही. मांजराने खाणं सोडलं, विशेषतः लठ्ठ मांजराने, तर काही दिवसांतच यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. एक दिवसाआडच्या भेटीत हे कळेपर्यंत मधले दोन दिवस गेलेले असतात. ज्याला दिवसाला एक भेट परवडत नाही, त्याने विश्वासातल्या शेजाऱ्याला किल्ली द्यावी आणि रोज डोकावायला सांगावं. तो मार्ग जास्त चांगला आहे आणि मी तसं मालकांना उघड सांगते.

जनावर बदललं की वेळाचं गणित बदलतं. पिल्लाला लघवी किती तास धरता येते याचा ढोबळ नियम असा, की जितके महिने वय तितके तास, फार तर एखादा जास्त. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लासाठी दिवसात दोन फेऱ्या पुरणारच नाहीत. तिथे दर वाढवू नका, फेऱ्या वाढवा आणि प्रत्येकीचे पैसे घ्या. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत तर ती डॉक्टरकडे न्यायची वेळ असते. पक्षी आजार लपवतात, आणि फुगून एका जागी बसलेला दिसला तर बहुधा आधीच उशीर झालेला असतो. माशांचं काम सोपं, फक्त घरच्यांनी रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवलेल्या असाव्यात. जास्त खाणं घालून पाणी बिघडवणं हेच तिथलं मोठं संकट.

एकापेक्षा जास्त प्राणी असले की डोकी मोजून पैसे लावायची पद्धत आहे. मला ती नीट वाटत नाही. मिनिटं मोजा. एकाच घरातल्या दुसऱ्या मांजराने भेट पाच-सात मिनिटांनी वाढते, तेवढेच पैसे वाढवा. पण दोन कुत्रे एकत्र फिरवता येत नसतील, एक दुसऱ्यावर धावून जात असेल, तर ते दोन स्वतंत्र फेरफटके झाले. तिथे दुसऱ्याचे पैसे जवळजवळ पूर्ण लागतात. गोडीने एकत्र चालणाऱ्या दोन कुत्र्यांचा दर आणि ज्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून जेवण द्यावं लागतं अशा दोघांचा दर सारखा असूच शकत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, घरी राहून सांभाळण्याकडे. इथे दोन्हीकडून गोंधळ होतो. मालकाला वाटतं, रात्री तर झोपायचंच असतं, मग पैसे कसले? नवख्या सिटरला वाटतं, 24 तास त्या घरात आहे तर 24 गुणिले 100. दोन्ही चूक. मी दिवसाचे तीन भाग करते.

पहिला भाग प्रत्यक्ष कामाचा. कुत्र्याचे तीन फेरफटके मिळून सुमारे दोन तास. खाणं, पाणी, भांडी, दोन लिटर बॉक्स, केस झाडणं मिळून एक तास. इन्सुलिन आणि त्यानंतर मांजरावर लक्ष ठेवणं अर्धा तास. निरोप, फोटो, घरातलं किरकोळ अर्धा तास. हे चार तास, पूर्ण दराने, म्हणजे 400.

दुसरा भाग जागं असताना अडकून पडण्याचा. तुम्ही काम करत नाही, पण त्या घरातून हलताही येत नाही. तुमचं स्वतःचं घर, तुमची माणसं, तुमची दुसरी कामं सगळी बाहेर राहतात. असे 12 तास, चतुर्थांश दराने 300.

तिसरा भाग झोपेचा. आठ तासांचे मिळून मी एका तासाचे पैसे घेते, म्हणजे 100. अनोळखी घरात कान उघडे ठेवूनच झोप लागते. कुत्रा रात्री ओकला तर उठायचं तुम्हालाच आहे.

बेरीज दिवसाला 800. चतुर्थांश आणि एक तास ही प्रमाणं माझी आहेत, तुम्ही ती थोडी वर-खाली करू शकता. पण भाग वेगळे ठेवा, कारण खरी बोलणी त्यांच्यावरच होतात. समजा मालक म्हणाला, "दिवसा सहा तास तुम्ही बाहेर गेलात तरी चालेल, कुत्र्याला एकटं राहायची सवय आहे." मग अडकलेले तास 12 वरून 6 वर आले, त्यांचे 150 झाले आणि दिवस 650 ला आला. याउलट कोणी म्हणालं, की कुत्र्याला एकट्याने अजिबात राहवत नाही, दोन तासांच्या वर घर सोडायचं नाही, तर 800 हाच दर. अट त्यांची, त्यामुळे तिचे पैसेही त्यांचे. हिशेब असा मांडला की आकड्यावरून हुज्जत होत नाही. नेमकं काय हवंय यावर बोलणं होतं आणि बहुतेक मालक त्यात समजूतदारपणे वागतात.

"राहायला घर मिळतंय" या वाक्याचं काय करायचं? क्वचित त्यात तथ्य असतं. तुम्हाला त्या काळात खरोखरच राहायला जागा हवी असेल, जनावर सोपं असेल आणि दिवसभर बाहेर जायची मुभा असेल, तर राहण्याच्या बदल्यात सांभाळणं हा दोघांनाही परवडणारा सौदा होऊ शकतो. तुमचं मात्र स्वतःचं घर आहे, त्याचा खर्च त्या दहा दिवसांतही चालूच राहणार. त्यांचं घर हे तुमच्यासाठी कामाचं ठिकाण आहे. रात्रपाळीला आलेल्या परिचारिकेला कोणी म्हणत नाही, की तुम्हाला छप्पर मिळालं ना.

इन्सुलिनबद्दल जरा थांबून बोलते, कारण तिथे पैसे सगळ्यात चुकीच्या गोष्टीचे लावले जातात. लोक म्हणतात, टोचायला किती वेळ लागतो, एक मिनिट. टोचायला खरंच तेवढाच लागतो. पण दोन इंजेक्शनांमध्ये साधारण 12 तासांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा दोन खुंट्या तुमच्या प्रत्येक दिवसात ठोकल्या जातात आणि त्या वेळी तुम्ही दुसरीकडे असूच शकत नाही. त्या बांधिलकीचे मी दिवसाला 50 वेगळे लावते. म्हणून तुमच्या कामाचा दिवस 850, किंवा बाहेर जायची मुभा असेल तर 700.

शिवाय त्या एका मिनिटाआधी बरंच काही असतं. मांजर जेवलं का? नेहमीपेक्षा फारच कमी खाल्लं असेल किंवा ओकलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस द्यायचा नाही. सिरिंज कोणती आहे? जनावरांसाठीचं इन्सुलिन अनेकदा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचं असतं आणि माणसांचं बहुधा 100 युनिटचं. काही मांजरांना माणसांचंच दिलं जातं. प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो, आणि त्याने मांजर मरू शकतं. टोचल्यावर बोट फिरवलं आणि केस ओले लागले, म्हणजे औषध कातडीत न जाता वरच सांडलं असावं, तर परत टोचायचं नाही. किती गेलं ते आपल्याला माहीत नसतं आणि एक डोस कमी पडण्यापेक्षा दोनदा जाणं कितीतरी धोक्याचं. नंतरच्या काही तासांत मांजर लडखडायला लागलं, मलूल झालं, अंग झटकायला लागलं तर साखर उतरली असं समजून हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं सिरप चोळायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. हे सगळं डोक्यात घेऊन तिथे बसलेल्या माणसाला तुम्ही पैसे देताय, असं मालकाला समजावून सांगा. बहुतेकांना ते स्वतः रोज करत असल्यामुळे लगेच पटतं.

हे काम तुम्हाला येत नसेल तर पैसे कितीही मिळोत, घेऊ नका. त्यांच्या डॉक्टरांकडून आधी शिकून घ्या.

सवलतींबद्दल माझं मत इतरांपेक्षा थोडं वेगळं आहे. "दहा दिवस आहेत, काही कमी करा" असं हमखास विचारलं जातं. दहावा दिवस पहिल्या दिवसाइतकाच कामाचा असतो. उलट जितका मुक्काम लांबतो तितकी तुमची बाकीची कामं आणि कायमची गिऱ्हाइकं अडतात. म्हणून लांब मुक्कामाला मी सूट देत नाही. रोजच्या फिरवण्याच्या कामाला मात्र आनंदाने देते. महिन्याचे ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, ओळखीचा कुत्रा, आगाऊ पैसे. त्यात माझी अनिश्चितता संपते आणि तिचं मोल मालकाला परत जाणं रास्त आहे.

सुट्ट्यांच्या दिवसांना जास्त दर लावावा का? लावावा. सगळे जातात तेव्हाच सगळ्यांना सिटर हवा असतो आणि तुमच्याही घरी तेव्हाच सगळे जमलेले असतात. चतुर्थांश ते अर्धा वाढीव दर मला योग्य वाटतो. पण ते दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून सगळ्यांना कळवा. माणूस बघून, त्याची नड बघून आकडा वाढवणं ही अडवणूक आहे आणि ती लोकांच्या लक्षात राहते.

रद्द करण्याचे नियम कोरडे वाटतात, पण दहा दिवसांचं काम आयत्या वेळी रद्द झालं तर ते दहा दिवस परत विकता येत नाहीत. तारखा पक्क्या करताना निम्मी रक्कम घ्या. किती दिवस आधी कळवलं तर किती परत, हे लेखी असू द्या. लवकर परत आले तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत करायचे की नाही, तेही आधीच बोला. मी करत नाही, कारण त्या तारखा मी दुसऱ्यांना नाकारलेल्या असतात. घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण असेल तर नियम बाजूला ठेवते.

उपचारांचे पैसे आणि तुमचे पैसे कधीही एकत्र करू नका. मालकाकडून एक कागद लिहून घ्या: संपर्क झाला नाही तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, किती खर्चापर्यंत तुम्ही परस्पर होकार द्यायचा आणि त्यापुढे कोणाला विचारायचं. तेवढी रक्कम वेगळी ठेवायला सांगा किंवा दवाखान्यातच त्यांच्या नावावर बिल लावायची सोय करायला सांगा. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली, की मोठ्या जातीच्या कुत्र्याचं फुगलेलं पोटही सकाळपर्यंत थांबेल असं माणसाला वाटायला लागतं. ते थांबत नाही, पोटाला पीळ बसला तर कुत्रा काही तासांत दगावू शकतो. असा विचार मनात यायचीच गरज पडू नये म्हणून हा कागद.

पहिली भेट मी फुकट देते, पाऊण तासाची. तिच्यात कुत्रा पट्टा ओढतो का, ताटापाशी गेल्यावर गुरगुरतो का, मांजराचा पिंजरा कुठे आहे आणि त्यात ते जातं का, हे स्वतः बघायचं. दर या भेटीनंतरच सांगायचा. फोनवर "गरीब आहे हो" असं ऐकून सांगितलेला दर बहुतेक वेळा चुकतो. तिथे उत्तर द्यायची घाई करू नका. "घरी जाऊन हिशेब करते आणि आज संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते," एवढं म्हणायला काहीच हरकत नाही. लेखी गेलेल्या आकड्यावर माणूस विचार करतो, तोंडी आकड्यावर घासाघीस.

बाजारभाव बघू नये असं मी म्हणत नाही. जवळपासच्या चार-पाच सिटरांचे आणि प्राणी आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या बोर्डिंगवाल्यांचे दर जरूर विचारा, पण त्यांत काय काय धरलंय तेही विचारा. बोर्डिंगमध्ये प्रत्येक जनावराचे वेगळे पैसे आणि औषधांचे आणखी वेगळे असतात. तीन प्राण्यांच्या घराला सगळी बेरीज केल्यावर घरी राहणारा सिटर बरेचदा महाग पडत नाही. जनावरांना अनोळखी पिंजऱ्यात दहा दिवस काढावे लागत नाहीत, हा लाभ वेगळाच. शेजारचा मुलगा तिसऱ्या हिश्श्यात करतो असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका. सोप्या घरासाठी तो मुलगा पुरेसा असेलही. इन्सुलिनवाल्या मांजरासाठी नसतो, हे त्यांनाही माहीत असतं, म्हणून तर ते तुमच्याकडे आलेत.

दर कमी पडतोय हे ओळखायचं कसं, तर विचारणारा प्रत्येक जण क्षणात हो म्हणतो, तुमच्या तारखा भरलेल्या असतात आणि तरी महिनाअखेरीस हातात काही राहत नाही. मग वाढवा. वर्षातून एकदा, महिना-दीड महिना आधी कळवून, आणि आधी घेतलेली बुकिंग जुन्याच दराने पूर्ण करून.

तुमच्या कुटुंबाला मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार. परवा तिघांनाही भेटून छान वाटलं. दहा दिवस तुमच्या घरी राहून सांभाळण्याचा माझा दर दिवसाला अमुक आहे. त्यात कुत्र्याचे तीन फेरफटके, तिघांचं खाणं-पाणी, लिटर बॉक्स दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी दोन्ही इन्सुलिन आणि रोज सकाळ-संध्याकाळ निरोप आणि फोटो आलं. दिवसा सहा तास मला बाहेर जाता येणार असेल तर दर अमुक होईल. तारखा पक्क्या करण्यासाठी निम्मी रक्कम आधी लागेल. डॉक्टरांचा खर्च वेगळा, त्याबद्दलचा कागद सोबत पाठवते आहे."

आमच्या धरलेल्या आकड्यांत हे दहा दिवसांचे 8500, किंवा मुभेसह 7000. ते जास्त वाटले तर दर पाडू नका, काम कमी करून दाखवा. मुक्काम न करता दिवसाला तीन भेटी, वरच्याच 85 मिनिटांच्या, सकाळ-संध्याकाळच्या भेटीत इन्सुलिन धरून, त्याचे दिवसाला 475 होतील. मात्र मग कुत्रा रात्रभर एकटा राहील आणि संध्याकाळच्या इंजेक्शननंतर मांजराजवळ कोणी नसेल, हे त्यांना स्पष्ट सांगा. मधुमेह नुकताच कळला असेल किंवा डोस अजून बसलेला नसेल, तर हा पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवणारच नाही. तुम्हीही ठेवू नका.

ते हो म्हणाले, की निघण्याच्या आधी एका संध्याकाळी इंजेक्शनच्या वेळेला त्यांच्या घरी जा. बाटली आणि सिरिंज समोर ठेवून दोन्हींवरचा युनिटचा आकडा जुळतो का ते त्यांच्यासोबत वाचा आणि त्या दिवशीचं इंजेक्शन त्यांच्या देखत तुम्हीच द्या. या भेटीचेही पैसे लावा.